आधीं मास्तर उभे करा, मग इमारत



गांवची शाळा कशी आहे असें कोणी पुसलें तर आपण काय उत्तर देतों? यंदा दोन खोल्या नव्या झाल्या, भिंतींना रंग दिला, टीव्ही बसविला, कुंपण झालें. फार तर मास्तर वेळेवर येतात, एवढें म्हणतों. पण त्या शाळेंतील मास्तर एकमेकांशीं शिकविण्याविषयीं बोलतात कीं नाहीं, नव्यानें आलेल्या बाईला काम कोण दाखवितें, एखाद्या मास्तराला एखादा धडा नीट शिकवितां येत नसेल तर तो कोणाकडे जातो, आणि गांवच्या पुढाऱ्यानें त्यास दम दिला तर त्याच्या मागें कोण उभें राहतें, हे प्रश्न आपण कधीं विचारीत नाहीं. हे प्रश्न सरकारचे, आपले नव्हेत, अशी आपली समजूत आहे. ही समजूत आपल्या मुलांना फार महाग पडत आहे.

इमारत शिकवीत नाहीं, मास्तर शिकवितो. आणि एकटा पडलेला मास्तर, कितीहि हुशार असला तरी, फार दिवस चांगलें शिकवूं शकत नाहीं. म्हणून शाळेचा जो मुख्य माणूस, त्याला हेडमास्तर म्हणा, मुख्याध्यापक म्हणा कीं संस्थेचा चालक म्हणा, त्याचें पहिलें काम मास्तर घडविणें, त्यांना एका विचारानें चालविणें व त्यांना पाठबळ देणें हें आहे. बाकीचीं कामें त्याच्या मागून. आज तें पहिलें काम शेवटचें झालें आहे, आणि त्याचा भुर्दंड आपलीं मुलें भरीत आहेत.

आपलींच मुलें कां? शहरांतील पैसेवाल्याच्या मुलाला शाळेनें शिकविलें नाहीं तरी त्याचें फारसें अडत नाहीं. घरीं शिकलेली आई असते, शिकवणीचा मास्तर असतो, पुस्तकांचें कपाट असतें. कोरडवाहू शेतकऱ्याच्या, ऊंसतोड्याच्या, कुंभाराच्या, विणकराच्या मुलाला शाळेवांचून दुसरा आधार नाहीं. मास्तर कच्चा राहिला तर त्याचें नुकसान सर्वांना सारखें होत नाहीं. तें आपल्या घरीं अधिक होतें.

आपल्या धंद्यांत हें सारें आपण जाणतों. नवा खोंड कोणी एकटा नांगराला जुंपीत नाहीं. जुन्या, शहाण्या बैलाच्या जोडीला लावून त्याला तास धरायला शिकवितो. सुताराचा पोरगा पहिल्याच दिवशीं गाड्याचें चाक करीत नाहीं. बापाच्या हाताखालीं वर्षभर रंधा मारतो. लोहाराचा पोर भाता ओढतां ओढतां लोखंडाचा रंग ओळखायला शिकतो. परंतु तेवीस वर्षांच्या पोराला किंवा पोरीला आपण दोनशिक्षकी शाळेवर पाठवितों, पहिल्या दिवशीं दोन वर्गांचे हजेरीपट हातीं देतों आणि म्हणतों, परीक्षा झाली, आतां तूं मास्तर. बैलाला जी सवलत देतों ती मास्तराला देत नाहीं. मग चार वर्षांनीं तो नुसता फळा भरूं लागला म्हणजे त्याला आळशी ठरवून मोकळे होतों.

हा विचार आजचा नव्हे. ऑक्टोबर १८८२ मध्यें जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन ठेविलें त्यांत मास्तरांविषयीं फार कळकळीनें लिहिलें आहे. मास्तर शेतकरी वर्गांतून घ्यावे व त्यांना नीट तयार करावें. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची ज्यांना लाज वाटत नाहीं, लोकांत जे मिळून मिसळून राहतील, असे ते असावेत. त्यांचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा व मोठ्या गांवीं १५ ते २० रुपये असावा. गांवच्या कारभारांत त्यांना कांहीं काम द्यावें म्हणजे लोकांत त्यांचें वजन राहील. ज्यांचीं मुलें पुष्कळ पास होतील त्यांना पगाराच्या वर कांहीं द्यावें. अशा त्या मागण्या होत्या. निवड, तयारी, पगार, मान व उत्तेजन, हीं पांचहि अंगें त्या एका निवेदनांत आलीं आहेत.

आणि त्याच्याहि ३४ वर्षें आधीं, १८४८ सालीं, पुण्याच्या भिडे वाड्यांत मुलींची शाळा निघाली तेव्हां शिकविणारी कोठून आणली? ती घरांतच तयार केली. जोतीरावांनीं सावित्रीबाईंना स्वतः शिकविलें व शिक्षिकेचें शिक्षणहि मिळवून दिलें. शाळेच्या वाटेवर लोकांनीं त्यांच्या अंगावर शेण-चिखल टाकला. पुढें त्या पतिपत्नींना घराबाहेर पडावें लागलें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां शाळेकडे पाऊल टाकण्याचा धीर सावित्रीबाईंचा स्वतःचा होता, तो कोणी त्यांना दिला नाहीं. पण शाळा काढणारा मनुष्य त्यांना एकटें टाकून गेला नाहीं, हेंहि तितकेंच खरें. शिक्षिकेला तयार करावें आणि मग तिच्या पाठीशीं राहावें, हा आपल्या चळवळीचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा कर्मवीर भाऊराव पाटलांचा. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग काढलें. त्यांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहूं लागलीं, एका पंक्तीस जेवूं लागलीं. आतां पुढचा क्रम नीट पाहा. साताऱ्यास मास्तरांचें ट्रेनिंग कॉलेज त्यांनीं काढलें १९३५ सालीं, आणि महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालें तें १९४० सालीं. म्हणजे हायस्कूलच्या आधीं पांच वर्षें मास्तर घडविण्याची शाळा! खेड्यांतील पोरांना मास्तर करावें, खेड्यांतच पाठवावें, आणि त्यांच्या बळावर जेथें शाळेचें नांव नव्हतें अशा वाड्यांवर शाळा उघडाव्या, असा त्यांचा बेत होता. बोर्डिंगांत वाढलेलीं मुलेंच पुढें संस्थेचे शिक्षक व प्रिन्सिपॉल झालीं. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्यांपैकींच एक. ते पुढें शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरु झाले. भाऊराव ९ मे १९५९ रोजीं वारले. संस्था आज सातशेंवर शाखा चालवीत आहे. एका माणसाच्या मागें एवढें काम टिकतें तें विटांच्या जोरावर नव्हे. त्यानें आपल्या मागें माणसें उभीं केलीं म्हणून टिकतें.

आतां कडू बोलणें भाग आहे. जोतीरावांच्या काळीं आपली तक्रार अशी होती कीं, मास्तर भटाचा, त्याला आपल्या मुलांची शिसारी. ती तक्रार खरी होती. आज खेड्यापाड्यांतील मास्तर बहुतेक आपल्याच घरांतले आहेत, आणि संस्थाचालकहि बव्हंशीं आपलेच आहेत. मग आपलीं मुलें कां अडतात? येथें दुसऱ्याच्या नांवानें बोटें मोडून भागणार नाहीं. आपल्याच अंगणांत झाडू मारला पाहिजे.

कित्येक खासगी संस्थांत मास्तराची जागा पैसे घेऊन भरली जाते, हें गांवांतील शेंबडें पोरहि जाणतें. बाप दोन एकर विकतो, आईचे दागिने गहाण पडतात, आणि पोरगा मास्तर होतो. ज्यानें जागा विकत घेतली तो मास्तर नव्हे, कर्जदार आहे. वर्गांत उभा असतां त्याच्या डोक्यांत फेडीचा हिशेब चालतो. हेडमास्तर त्याला शब्द बोलूं शकत नाहीं, कारण तो चालकाला मोजून आलेला असतो. अशा माणसांतून चांगला शिक्षकवर्ग उभा करणें म्हणजे किडक्या बियाण्यांतून पीक काढणें होय. सरकारनें २०१७ पासून पवित्र पोर्टल व अभियोग्यता परीक्षा आणली. पण परीक्षा आली म्हणून लबाडी गेली नाहीं. शिक्षक पात्रता परीक्षेचा घोटाळा २०२१ सालीं उघडकीस आला, आणि २०२२ सालीं सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. २०२५ सालीं नागपूर विभागांत बनावट शालार्थ आयडीचें प्रकरण निघून शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्यांना अटक झाली. पुरोहितशाही नुसत्या जानव्यानें ओळखतां येत नाहीं. ज्ञानाच्या दारांत बसून जो दक्षिणा घेतो तो पुरोहितच, मग त्याचें आडनांव आपल्यापैकीं कां असेना, आणि त्याच्या दिवाणखान्यांत जोतीरावांची तसबीर कां लागलेली असेना.

तेव्हां मुख्य माणसानें करण्याची पहिली गोष्ट ही कीं, निवड स्वच्छ ठेवावी. पैसा नको, जात नको, भाचा-पुतण्या नको. उमेदवाराला मुलांपुढें उभें करून एक तास शिकवायला लावावें, व तो काय जाणतो आणि मुलांशीं कसा बोलतो एवढेंच पाहावें. जिल्हा परिषदेच्या शाळेंत मास्तर बदलीनें येतो, तेथें हेडमास्तराच्या हातीं निवड नाहीं, हें खरें. पण कोणता वर्ग कोणाला द्यावा हें पुष्कळ अंशीं त्याच्या हातीं आहे. आज बहुतेक ठिकाणीं सर्वांत तरबेज मास्तर सातवीला किंवा शिष्यवृत्तीच्या मुलांना देतात, आणि पहिली ज्याला कोणी नको त्याच्या गळ्यांत पडते. हें उलटें आहे. पहिली-दुसरी म्हणजे पेरणी. पेरणी चुकली तर सातवीचा मास्तर कितीहि खुरपो, शेत भरत नाहीं. ज्या हेडमास्तराला हें कळलें तो आपला उत्तम माणूस पहिलीवर बसवितो, आणि त्यांत त्याचा मान आहे हें चारचौघांत बोलून दाखवितो.

दुसरी गोष्ट, नव्याला जुन्याच्या जोडीला लावावें. पहिलें वर्षभर नव्या मास्तरानें आठवड्यांतून एकदां जुन्याच्या वर्गांत बसावें व जुन्यानें त्याच्या. हेडमास्तरानेंहि वर्गांत जाऊन बसावें. पण शेरेबुक घेऊन नव्हे. शेरा लिहिणारा आला कीं मास्तर त्या दिवसापुरता नाटक करितो. शेजारी बसणारा आला तर तो आपली अडचण सांगतो. आणि आठवड्यांतून एक दिवस, शाळा सुटल्यावर अर्धा तास, सर्व मास्तरांनीं मिळून एकाच अडचणीवर बोलावें. सभा, ठराव, भाषण कांहीं नको.

एक उदाहरण देतों. मूल ५२ मधून २७ वजा करितें आणि उत्तर ३५ काढतें. मास्तर लाल रेघ मारून पुढें जातो. पण मुलानें वेड्यासारखें केलेलें नसतें. मोठ्यांतून लहान काढावें एवढा नियम त्यानें धरलेला असतो. म्हणून तें सातांतून दोन काढून पांच मांडतें, पांचांतून दोन काढून तीन मांडतें. त्याला हातचा सुटा करणें समजलेलें नाहीं. चार मास्तर एकत्र बसले तर एक म्हणतो, मी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून एक गठ्ठा सोडवून दाखवितों. दुसरी बाई म्हणते, मी दहाची नोट मोडून दाखवितें, बाजारांत जाणाऱ्या मुलांना तें चटकन कळतें. तिसरा, जो नवा आहे, तो ऐकतो, आणि उद्यां त्याचा वर्ग सुधारतो. एवढ्यासाठीं पुण्या-मुंबईहून तज्ज्ञ आणावा लागत नाहीं, कीं पैसा खर्चावा लागत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें मास्तराच्या कामाचे आठवड्याला ४५ तास धरले आहेत, आणि त्यांत शिकविण्याची तयारी धरलेली आहे. म्हणजे असा अर्धा तास बसणें हें कायद्यानेंच काम मानलें आहे. तो कोणावर उपकार नव्हे.

तिसरी गोष्ट, मास्तराचा वेळ राखावा. बांध फुटला तर पाऊस कितीहि पडो, पाणी शेतांत राहत नाहीं. हेडमास्तर हा शाळेचा बांध आहे. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमांत सांगितलें आहे कीं, दशवार्षिक जनगणना, आपत्तीचें निवारण व निवडणुका यांखेरीज शिक्षणाबाहेरचें कोणतेंहि काम मास्तरास लावूं नये. प्रत्यक्षांत काय चालतें? दुपारच्या खिचडीचा हिशेब, नाना प्रकारची ऑनलाइन माहिती, फोटो काढून पाठविणें, आज हा दिवस साजरा करा, उद्यां तो सप्ताह; आणि मोबाईलवर दर घटकेला नवा हुकूम, माहिती आजच्या आज पाठवा. मास्तर फळ्याकडे पाठ करून मोबाईलकडे तोंड करून बसतो आणि मुलें गोंगाट करितात. हा सगळा भार हेडमास्तर एकटा थांबवूं शकणार नाहीं, हें मान्य. पण शिकविण्याच्या वेळांत माहिती भरावयाची नाहीं, ती दिवसांतून एकदां, ठरल्या वेळीं, पाळीपाळीनें एकानेंच भरावयाची, एवढा नियम तो करूं शकतो. आणि वरून हुकूम आला तर, माझे मास्तर वर्गावर आहेत, तीन वाजतां माहिती मिळेल, असें म्हणण्याची हिंमत तो दाखवूं शकतो. अशी हिंमत दाखविणाऱ्यामागें गांवानें उभें राहिलें पाहिजे.

चौथी गोष्ट, पाठराखण करावी, पण पाप झांकूं नये. या दोहोंत जो फरक आहे तो पुष्कळांना कळत नाहीं. चांगलें काम चारचौघांत वाखाणावें, चूक एकांतांत सांगावी, हें पाठबळ. पुढाऱ्याच्या पोराला वर्गांत गप्प बसविलें म्हणून मास्तरावर बदलीची तलवार आली तर हेडमास्तरानें पुढें होऊन सांगावें कीं, हें मी करायला सांगितलें, हें पाठबळ. लांबच्या गांवाहून दोन एसट्या बदलून येणाऱ्या बाईला शाळेंत नीट संडास आहे काय, तिच्या बाळंतपणानंतर तिचा वर्ग कोण सांभाळील, तिच्याशीं कोणी वाकडें वागतो काय, हें तिनें तक्रार करण्याच्या आधीं पाहणें, हेंहि पाठबळ. सावित्रीबाईंच्या तसबिरीला ३ जानेवारीस हार घालावयाचा आणि शाळेंतल्या बाईला संडासासाठीं शेजारच्या घरीं पाठवावयाचें, ही सावित्रीबाईंची थट्टा आहे.

परंतु जो दारू पिऊन येतो, जो महिना-महिना फिरकत नाहीं, जो मुलांना मारतो, जो मुलीकडे वांकड्या नजरेनें पाहतो, जो पारध्याच्या किंवा मातंगाच्या पोराला जातीवरून टोचून बोलतो, त्याला आपला माणूस म्हणून झांकणें हें पाठबळ नव्हे. मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्याची त्याच कायद्याच्या १७ व्या कलमानें मनाई आहे. एका नासक्याला पोसलें कीं चांगले चार मास्तर हात आखडतात. त्यांना वाटतें, काम केलें काय, न केलें काय, सारखेंच. शाळा बिघडते ती वाईट मास्तरामुळें जितकी, त्याहून अधिक चांगल्याचा उत्साह असा मेल्यामुळें बिघडते.

पांचवी गोष्ट, आपल्या मागें चालविणारा तयार करावा. कांहीं हेडमास्तर फार राबतात, नांव मिळवितात, शाळा बघायला लांबून लोक येतात. पण साऱ्या किल्ल्या एकाच कमरेला. हिशेब तेच जाणतात, पाहुण्यांशीं तेच बोलतात, बक्षीस तेच घेतात. त्यांची बदली झाली कीं दोन वर्षांत शाळा पहिल्यासारखी. शहाण्या हेडमास्तरानें एकाला वाचनाचें काम द्यावें, दुसरीला गणिताचें, तिसऱ्याला पालकांशीं बोलण्याचें. त्यांना त्यांत चुकूं द्यावें, सुधारूं द्यावें, आणि यश आलें तर नांव त्यांचें घ्यावें. मेल्यावरहि घर चालावें म्हणून कर्ता पुरुष थोरल्याला आधींच व्यवहार दाखवितो. शाळेंत तेंच करावयाचें.

आतां हेडमास्तराची बाजूहि ऐकली पाहिजे. त्याला कोण पाठबळ देतें? बहुतेकदां तो वयानें वडील म्हणून हेडमास्तर होतो. काल मुलांना शिकवीत होता, आज माणसें चालवावयाचीं. तें काम त्याला कोणी शिकविलेलें नसतें. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत १५० हून अधिक मुलें असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक धरला आहे. म्हणजे लहान गांवीं एक मास्तरच आपला वर्ग सांभाळून हेडमास्तरकीचा चार्ज घेतो. तो शिकवितो कधीं आणि इतरांना घडवितो कधीं? म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. चार्ज देण्यापूर्वीं हेडमास्तराला या कामाचें शिक्षण द्या. लहान शाळांच्या दर गटाला कागदाचें काम करणारा एक कारकून द्या. केंद्रप्रमुखाच्या रिकाम्या जागा भरा, आणि त्याला कागद गोळा करणारा शिपाई न करितां मास्तरांचा मास्तर करा.

कोणी म्हणेल, मास्तरांना पगार मुबलक आहे, आम्ही उन्हांत राबतों, त्यांना वर पाठबळ कसलें? पगाराविषयीं आधीं खरें काय तें पाहूं. कायम झालेल्याला पगार बरा आहे. पण नव्या शिक्षणसेवकाला पहिलीं तीन वर्षें नुसतें मानधन. प्राथमिक शाळेंत तें महिना ६,००० रुपये होतें. २०२३ च्या जानेवारीपासून १६,००० झालें. विनाअनुदानित शाळेंत तर कित्येकांना त्याहूनहि कमी मिळतें. आणि पगार बरा असला तरी पगार माणसाला शाळेच्या दारापर्यंत आणतो. वर्गांत त्याचें मन लागावें म्हणून दुसरें कांहीं लागतें. आपला सालगडीहि नुसत्या सालाच्या पैशावर मनापासून राबत नाहीं. मालक बांधावर येऊन दोन शब्द बोलतो कीं नाहीं हें तो पाहतो.

दुसरा म्हणेल, आम्ही पोराला इंग्रजी शाळेंत घालूं, ही कटकटच नको. घाला, पण आधीं विचारा कीं तेथील मास्तर किती वर्षें टिकतात. खेड्यालगतच्या पुष्कळ इंग्रजी शाळांत पगार तुटपुंजा, म्हणून जूनमध्यें आलेली बाई पुढच्या जूनमध्यें नसते. गणवेश, बूट व पिवळी गाडी पाहून आपण फी भरतों. शिकविणारी मात्र दरवर्षीं बदलते. तेथेंहि प्रश्न हाच आहे.

तिसरी गोष्ट अलीकडची. सप्टेंबर २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला कीं, ज्यांच्या नोकरीचीं पांचांहून अधिक वर्षें उरलीं आहेत अशा जुन्या मास्तरांनींहि दोन वर्षांत पात्रता परीक्षा पास व्हावें. या निकालानें पन्नाशीकडे झुकलेले कित्येक मास्तर घाबरले. हेडमास्तराची खरी कसोटी अशा वेळीं लागते. त्यांना हंसावें, कीं शाळा सुटल्यावर एकत्र बसून नव्या पोरांकडून जुन्यांचा अभ्यास करून घ्यावा? जेथें मास्तर एकमेकांचे आहेत तेथें हें आपोआप होईल. जेथें नाहींत तेथें प्रत्येकजण दार लावून एकटा रडेल.

आतां आपलें काम. शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश पालक असले पाहिजेत व निम्म्या बायका असल्या पाहिजेत, असें कायदा सांगतो. म्हणजे ही समिति आपली आहे. ती सरपंचाच्या माडीवर सह्या करण्यापुरती ठेवूं नका. पुढच्या बैठकीला रंगाची व फरशीची गोष्ट बाजूला ठेवून चारच प्रश्न विचारा. पहिलीचा वर्ग कोणाकडे आहे, आणि त्यांनाच कां दिला? नव्या मास्तराला कोण शिकवितें? गेल्या महिन्यांत शिकविण्याचे किती तास बाहेरच्या कामांत गेले? हेडमास्तर उद्यां बदलून गेले तर शाळा कोण चालवील? या प्रश्नांनीं हेडमास्तर रागावला तर समजा कीं त्याला आपलें काम ठाऊक नाहीं. तो खुर्ची पुढें ओढून बोलूं लागला तर त्याला सोडूं नका, त्याला हात द्या.

तक्रार असेल तर आधीं हेडमास्तराकडे जा. एकदम तालुक्याच्या पुढाऱ्याकडे धांव घेऊं नका. जत्रेच्या वर्गणीला, पुढाऱ्याच्या सत्काराला, मिरवणुकीला मास्तराला वर्गांतून ओढूं नका. खिचडीची देखरेख आयाबायांनीं पाळी लावून करावी. त्यानें रोज एका मास्तराचा तास वांचेल. आणि आपल्या शिकलेल्या पोरासाठीं जागा विकत घ्यायला कोणी सांगितलें तर नाहीं म्हणा. कठीण आहे, मी जाणतों. घरांत शिकलेला पोर बसून असतो व वय उलटत असतें. पण ती जमीन विकून आपण एका पोराची नोकरी घेतों आणि गांवच्या शंभर पोरांची शाळा विकतों. पैसे मागणाऱ्याचें नांव गुप्त ठेवूं नका. पुरावा ठेवा, लांचलुचपत खात्याकडे जा, दहा घरें मिळून जा म्हणजे एकट्यावर डूख धरतां येणार नाहीं.

भाऊरावांनीं हायस्कूलच्या आधीं मास्तर उभे केले. आपल्या गांवांत येत्या जूनपासून एवढें करा: नव्या खोलीसाठीं आमदाराकडे जाल तेव्हां त्याच अर्जांत रिकाम्या मास्तरांच्या जागा, हेडमास्तराचें शिक्षण व कारकुनाची मागणी आधीं लिहा, खोली मागून लिहा.

एक शेतकरी